परमुलखातील पहिले वर्ष

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत इतिहासाची चार पाने आम्ही भरावी, अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आम्ही इतर ठिकाणच्या अशा स्मरणिका चाळून पाहिल्या. त्यांतील इतिहास बहुधा एकाच वाटेने जातो. कोनशिला कोणी बसविली, घंटा कोठून आली, कोणते फादर किती वर्षे होते, शाळेवर कौले केव्हा चढली, ही हकीकत क्रमाने येते; आणि ती यावयासच पाहिजे. परंतु देऊळ व शाळा उभी राहण्यापूर्वीही एक काळ असतो. परप्रांतातून एखादे ख्रिस्ती बिऱ्हाड येऊन उतरते. जवळ देऊळ नाही, ओळखीची शाळा नाही, शेजाऱ्यांची भाषा कानास परकी. अशा वेळी मुलांचे शिकणे थांबत नाही. ते चुलीपुढे, दिव्याच्या उजेडात, आईच्या तोंडून चालू राहते. त्या पहिल्या वर्षाची नोंद धर्मग्रामाच्या कोणत्याही वहीत होत नाही. तिचाच थोडासा शोध घेण्याचा हा अल्प यत्न आहे.

धाराशिवच्या वाचकांस परराज्य म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. येथे माणूस जागचा हलला नाही, तरी राज्य मात्र त्याच्या पायाखालून अनेकदा हलले आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआब यांबरोबर धाराशिवचा मुलूखही कंपनी सरकारच्या हवाली केला, आणि नळदुर्ग जिल्हा म्हणून त्याचा कारभार मेडोज टेलर यांजकडे आला. पंधराव्या वर्षी हिंदुस्थानात आलेला हा गृहस्थ देशी भाषा, जमीनमोजणी व कायदा हे सर्व नोकरी करता करता आपले आपणच शिकला होता. सात वर्षांनी, १८६० साली, हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. पुढे जिल्ह्याचे ठाणे धाराशिवास आले व शेवटच्या निजामाच्या नावावरून गावास उस्मानाबाद हे नाव पडले. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडून जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९८२ साली त्यातून लातूर वेगळा निघाला. आणि २०२३ साली धाराशिव हेच जुने नाव पुन्हा अधिकृत झाले. तुळजापूर किंवा परांडे तालुक्यातील एखाद्या म्हातारीने घराचा उंबरा न सोडता चार राज्ये पाहिली, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही.

राज्य बदलले की शाळेची भाषा बदलते, आणि शाळेची भाषा बदलली की घराची परीक्षा सुरू होते. निजामी राज्यात सरकारी कामाची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. घरात मराठी बोलणाऱ्या मुलास वरच्या इयत्तांत उर्दूवाचून गत्यंतर नसे. १९२१ साली आपल्याच जिल्ह्यात, लोहाऱ्याजवळच्या हिप्परगे गावी, व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. पण हिप्परगे गाव एकच होते. ज्यांच्या वाट्यास ते आले नाही, त्यांची मराठी माजघरात व ओसरीवर जगली.

अशा माजघरातील शाळेचा इतिहास लिहावयाचा, तर पुरावा कोठून आणावा? चुलीपुढील धड्यांची दफ्तरे कोणी ठेवीत नाही. सुदैवाने एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाची पत्रे, तारखा आणि त्यांचे तंटेदेखील जपून राहिले आहेत. हे कुटुंब अवघे दोघींचे होते: पंडिता रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा. बाई आपल्या रोमन काथलिक पंथाच्या नव्हत्या, हे आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन पंथात झाला आणि पुढे त्या आपल्या स्वतंत्र मार्गाने गेल्या. तथापि परक्या मुलखात आपले मूल कोणी व कोणत्या भाषेत शिकवावे, या प्रश्नाशी इतक्या निकराने झगडलेली दुसरी मराठी माउली आमच्या पाहण्यात नाही. शिवाय बाईंच्या कार्याचा एक धागा अखेर आपल्याच भागाजवळ येऊन पोहोचतो. तो पुढे सांगू.

रमाबाईंचे स्वतःचे सारे शिक्षण घरीच झाले. अथवा घरी म्हणण्यापेक्षा वाटेवर झाले, हे अधिक खरे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तरुणपणी पेशव्यांच्या घरातील एक स्त्री संस्कृत शिकताना पाहिली होती. तेव्हापासून आपल्या बायकोस संस्कृत शिकवावे, असे त्यांच्या मनाने घेतले. घरच्यांनी व गावाने त्यास विरोध केला, तेव्हा ते सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. त्या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मूल काही महिन्यांचे आहे तोच बिऱ्हाड मोडले आणि तीर्थयात्रा सुरू झाली, ती कायमचीच. आई लक्ष्मीबाई दिवसभर घरकामात व पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेल्या. म्हणून त्या पहाटे, पाखरे जागी होण्याच्या सुमारास, पोरीस उठवीत आणि झोपेने डुलणाऱ्या त्या जिवास मांडीशी धरून श्लोक म्हणवीत. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले. शाळा नाही, पाटी नाही, पुस्तकही पुष्कळदा नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले, तेव्हा या मुलीजवळ दुसरी कसलीही इस्टेट नव्हती. आणि चार वर्षांनी कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्या याच विद्येवर. पुढे बाईंनी आपला प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ आईच्याच स्मृतीस अर्पण केला. आम्हांस यात नवल वाटत नाही.

१८८० साली भाऊ वारल्यावर त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला व त्या आसामातील सिल्चर येथे राहावयास गेल्या. परमुलखातील हा त्यांचा पहिला संसार. येथे मराठी बोलावयास कोणी नाही. घरातील पुस्तकांत एके दिवशी लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली. जवळच राहणारे एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातील गोष्टी समजावून सांगू लागले. देवळात पाऊल टाकण्यापूर्वी प्रभूचे चरित्र या बाईच्या घरात आले ते असे, नवऱ्याच्या पुस्तकांतून आणि शेजारच्या भाषेतून. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमेचा जन्म झाला. मूल वर्षाचे होण्यापूर्वीच, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, पटकीने बापाचा अंत झाला. बाई पोरीला घेऊन पुण्यास आल्या. तेथील आर्य महिला समाजाची हकीकत सर्वश्रुत असल्यामुळे आम्ही ती सोडून देतो.

१८८३ साली 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या मराठी पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर बाई विलायतेस निघाल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. पुण्यात ज्यांच्याशी ओळख झाली होती, त्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या वाँटेज येथील मठात त्या उतरल्या. ठराव असा होता की, बाईंनी हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींस मराठी शिकवावे आणि भगिनींनी बाईंस इंग्रजी. म्हणजे परक्या घरात राहूनही बाई तेथे आश्रित म्हणून नव्हे, भाषेच्या गुरू म्हणून राहिल्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

त्या पहिल्या वर्षाच्या प्रारंभीच घोर प्रसंग आला. आनंदीबाईंच्या मनाने घेतले की आपणांस बळेच बाटविणार. त्या धास्तीने त्यांची बुद्धी भ्रमिष्ट झाली व त्यांनी आत्मघात केला. वैद्यकी शिकण्याचा बाईंचा बेतही ऐकू कमी येत असल्यामुळे सोडून द्यावा लागला. इतके झाल्यावर एखादी दुसरी स्त्री पहिल्या बोटीने परतली असती. बाई राहिल्या. लंडनजवळ फुलॅम येथे पतित स्त्रियांसाठी भगिनी जे काम करीत, ते त्यांनी पाहिले. शोमरोनी स्त्रीशी प्रभूने केलेले भाषण त्यांना कोणी वाचून दाखविले. आणि फादर नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या पुष्कळ शंका फिटल्या. मराठी बाईचे मन अखेर मराठी माणसाच्या युक्तिवादाने वळले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी, संत मिखाएलाच्या सणी, आई व लेक यांचा वाँटेजच्या देवळात एकाच दिवशी स्नानसंस्कार झाला.

येथवरची हकीकत बहुतेक चरित्रांत सापडते. खरी कसोटी यानंतरची आहे, आणि ती चरित्रकार घाईने उरकून टाकतात.

बाई १८८४ साली चेल्टनॅमच्या महिला महाविद्यालयात शिकावयास व संस्कृत शिकवावयास गेल्या. मनोरमा पुष्कळ काळ वाँटेजलाच राहिली. तिला सांभाळीत होत्या सिस्टर जेराल्डीन. मुलीच्या तोंडी त्यांचे नाव 'आजीबाई'. विलायतच्या मठात एका गोऱ्या भगिनीस मराठी आजीबाई म्हणून हाक मारणारे पोर! त्या हाकेतच दोन्ही घरांचे प्रेम दिसून येते. परंतु प्रेम असले म्हणजे तंटा होत नाही, असे नाही. सिस्टर जेराल्डीन यांचे म्हणणे असे की, मुलीचा स्नानसंस्कार झाला, ती आता पवित्र सभेचीही लेक झाली. तेव्हा सभेची सर्व शिकवण तिला पूर्णपणे मिळाली पाहिजे. बाईंचे उत्तर असे की, ज्या गोष्टींविषयी खुद्द आईची खात्री झालेली नाही, त्या तिला न विचारता लेकराच्या तोंडी घालू नयेत. शुभवर्तमान आणि प्रार्थना शिकवा; बाकीचे मी पाहीन. वर्षभर, दोन वर्षे ही पत्रे चालली. काही पत्रे कठोर आहेत. बाईंस गर्विष्ठ म्हटलेले आहे. बाईंनीही धार बोथट होऊ दिलेली नाही. ही सर्व पत्रे खुद्द सिस्टर जेराल्डीन यांनीच जपून ठेवली, हा त्यांचा मोठेपणा; आणि १९७७ साली, म्हणजे ज्या वर्षी आपला औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला त्याच वर्षी, महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाने ती मुंबईत छापली.

बाईंच्या ज्या शंका होत्या, त्या आम्ही आमच्या म्हणत नाही. पवित्र त्रैक्याविषयी त्या ज्या रीतीने वाद घालीत, ती रीत आपल्या धर्मप्रश्नोत्तरीत बसणारी नाही, आणि सिस्टर जेराल्डीन यांची काळजी अगदीच अस्थानी होती असेही आम्हांस म्हणवत नाही. पण वादाचा दुसरा धागा भाषेचा व देशाचा होता, आणि त्याबाबत आमचे मत निःसंशय बाईंच्या बाजूचे आहे. विलायतेत वाढून आपली पोर आपल्याच लोकांस परकी होईल, आपल्या देशाचे नाव निघताच लाजेने मान खाली घालील, ही बाईंस धास्ती होती. त्यांनी स्वतः शाकाहार सोडला नाही, लुगडे सोडले नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असत. बाईंनी लिहिले की, हे शब्द माझ्या देशबांधवांस कळावयाचे नाहीत, त्या जागी संस्कृत का नसावे? भगिनींस हा हट्ट वाटला. ही गोष्ट १८८४ सालची. आपल्या देवळांत मिस्साविधी लॅटिनमधून मराठीत येण्यास यानंतर ऐंशी वर्षे लागली. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली, तेव्हा ते घडले. क्रुसावरील चार अक्षरांसाठी भांडणाऱ्या त्या तरुण विधवेस आपल्या सभेचा पुढचा मार्ग आधीच दिसला होता, असे आम्ही म्हटल्यास ते धाडसाचे होईल. पण ती चुकत नव्हती, एवढे खास.

आईबापांच्या हक्काविषयी आपल्या सभेची शिकवण तर उघडच आहे. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी १९२९ च्या अखेरीस ख्रिस्ती शिक्षणावर जे पत्र काढले, त्यात मुलांस शिकविण्याचा कुटुंबाचा हक्क सरकारच्या हक्काच्या आधीचा मानला आहे; आणि २८ ऑक्टोबर १९६५ च्या परिषदेच्या घोषणेत आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत, असे स्पष्ट सांगितले आहे. सभेचाही हक्क त्यात सांगितलेला आहेच. वाँटेजच्या मठात या दोन हक्कांचीच गाठ पडली होती, व ती सोडविण्याचे शहाणपण दोन्हीकडे पुरेसे नव्हते. लेकरू मात्र मध्ये सापडले.

येथे आपल्या काथलिक परंपरेतील एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. वाँटेज हे तेव्हा बर्कशर परगण्यात होते. त्याच्या शेजारच्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात, तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी, फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला होता. ते १५७९ साली गोव्यास आले, परमुलखात आपण विद्यार्थी होऊन बसले, येथील भाषा शिकले आणि त्यांनी मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली प्रथम छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली, तर त्यांच्या जागी घरी म्हणावयास काही पाहिजे, ही त्या ग्रंथामागील निकड होती. गोव्याहून पुष्कळ काथलिक कुटुंबे पुढे दक्षिणेस कानडी मुलखात जाऊन राहिली, तेव्हा हे पुराणही त्यांच्याबरोबर गेले; १७८४ साली टिपूने त्यांतील हजारो लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेले आणि १७९९ पर्यंत त्यांची सुटका झाली नाही. परतलेल्या लोकांच्या देवळांची धूळधाण झाली होती. क्रिस्तपुराणाच्या ओव्या मात्र त्या किनाऱ्यावर पुढेही गायिल्या गेल्या, आणि १९०७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली ती मंगळुरासच. एक इंग्रज इकडे येऊन मराठी झाला आणि एक मराठी बाई तिकडे जाऊन मराठीच राहिली. दोघांची गावे एकमेकांपासून एका दिवसाच्या वाटेवर असावीत, हा योग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

असो. बाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि मराठी मुलांसाठी वाचनपुस्तके तयार करावयास घेतली. १८८९ साली त्या परत आल्या व ११ मार्च रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढे केडगावचे मुक्तिसदन, १८९६ व १९०० च्या दुष्काळांतील अनाथ मुली, हा भाग मोठा आहे व पुष्कळांस ठाऊक आहे. आम्हांस सांगावयाचे ते मनोरमेविषयी. जिच्या शिक्षणावरून दोन देशांत पत्रे चालली, ती मुलगी मोठी होऊन आईच्या कामात आली. आणि १९१३ च्या सुमारास बाईंनी निजामच्या राज्यात गुलबर्गा येथे मुलींसाठी ख्रिस्ती हायस्कूल काढले, तेव्हा त्याची सूत्रे मनोरमाबाईंकडे दिली. त्या काळी आपला उस्मानाबाद जिल्हा गुलबर्गा सुभ्यातच मोडत असे. मघाशी ज्या धाग्याचा उल्लेख केला, तो हा. कचेरीची भाषा उर्दू, बाजाराची कानडी, पश्चिमेच्या तालुक्यांतील शेतकऱ्यांची मराठी, अशा मुलखात पुन्हा एकदा पहिले वर्ष! पण या वेळी शिकवावयास बसलेल्या बाईस परकेपणा म्हणजे काय, हे दोन वर्षांची असल्यापासून कळत होते. विलायतेच्या मठात वाढूनही तिला आपल्या लोकांची लाज वाटली नाही. आईची धास्ती खरी ठरली नाही. आणि त्याचे थोडे श्रेय आम्ही त्या आजीबाईंसही देऊ.

आता आपल्या घराकडे वळू. धाराशिव जिल्ह्यात नोकरीनिमित्त केरळातून, गोव्यातून, कर्नाटकातून येणारी ख्रिस्ती कुटुंबे आजही पहिल्या वर्षी त्याच वळणावरून जातात. जून महिना येतो. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी विषय अनिवार्य झाला आहे. मूल बाराखडी गिरवीत घरी येते आणि आईस ती वाचता येत नाही. मग काय होते? कित्येक घरांत मूलच आईचे मास्तर होते. संध्याकाळची रोझरी आईच्या भाषेत, आणि रविवारचे शुभवर्तमान मुलाच्या मदतीने मराठीत. ही उलटी शाळा आम्हांस फार आवडते. केवळ एक सावधगिरीची सूचना आम्ही वडीलधाऱ्यांच्या नात्याने करू: मूल मराठी शिकले म्हणून आईची भाषा घरातून हद्दपार करू नये. बाई वाँटेजला ज्यासाठी भांडल्या, ते मल्याळी व कोंकणी आयांसही तितकेच लागू आहे.

परंतु या विषयाची काळोखी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे ज्युबिलीच्या वर्षी शोभणार नाही. आपल्या जिल्ह्यातून जशी माणसे येत नाहीत, तितकी जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कोयत्यांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात उसाच्या फडावर निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांस दर वर्षच परमुलखातील पहिले वर्ष असते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा २०१० च्या एप्रिलपासून अमलात आहे. मुलाचे नाव गावच्या शाळेच्या हजेरीत असते, आणि मूल सीमेपलीकडे कानडी मुलखात कोपीपुढे धाकट्या भावंडास सांभाळीत बसलेले असते. तेथे 'घर हीच शाळा' असे म्हणणे ही थट्टा होईल. लक्ष्मीबाई डोंगरे यांस पहाटे श्लोक शिकविता आले, कारण त्यांच्या नवऱ्याने त्यांना आधी शिकविले होते, आणि त्यासाठी रानात जाऊन राहण्याइतकी जिद्द त्याच्या अंगी होती. जिला स्वतःलाच कोणी अक्षर दाखविले नाही आणि जी पहाटे तीनला फडावर जाते, तिने मांडीवर घेऊन काय शिकवावे? हंगामी वसतिगृहे आहेत, काही मुले आजी-आजोबांजवळ राहतात. पण हा प्रश्न आईच्या माथी मारून सुटणारा नव्हे. ज्या घरांत अक्षर आहे त्या घरांनी शेजारच्या एखाद्या मुलास आपल्या दिव्याजवळ बसवून घ्यावे, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

मराठी भाषा ही ख्रिस्ती घराचीही वडिलोपार्जित ठेव आहे, याविषयी या गावास तरी आता शंका उरू नये. २०२० च्या जानेवारीत येथे, संत गोरोबाकाकांचे नाव दिलेल्या नगरीत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एका काथलिक धर्मगुरूस तो मान प्रथमच मिळाला. काहींनी विरोध केला. फादरांची प्रकृती बरी नव्हती. तरी ते आले. 'सुबोध बायबल' लिहिणारा हा मराठी लेखक २५ जुलै २०२४ रोजी देवाघरी गेला.

बायबलाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगावयाची राहिली. पंडिता रमाबाईंनी उतारवयात मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते पंडितांसाठी नव्हे; थोडेसेच वाचता येणाऱ्या बायांस चुलीपुढे बसून वाचता यावे म्हणून. छपाई केडगावलाच, तेथील मुलींच्या हातून चालली होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. आईने तपासावयाची पाने पुन्हा पुढे ओढली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंचा अंत झाला, आणि १९२४ साली ते बायबल छापून पुरे झाले.

शेवटी एक विनंती. आपल्या धर्मग्रामातील ज्या घरांनी परराज्यातून येऊन येथे पहिले वर्ष काढले असेल, त्यांनी त्या वर्षी घरी रोझरी कोणत्या भाषेत होत असे, मुलांस पहिले मराठी अक्षर कोणी दाखविले, आणि पहिल्या नाताळास शेजारच्या कोणत्या घरी फराळाचे ताट गेले, एवढे चार ओळींत लिहून फादरांकडे आणून द्यावे. लिहिता येत नसेल त्यांनी तोंडी सांगावे. लिहून घेण्यास आम्ही रविवारी मिस्साविधीनंतर देवळाच्या ओसरीवर वही घेऊन बसू.